तारीख कोणाच्या हाती

ग्रामीण शाळेच्या बातम्यांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांतील बहुतेक बातम्या घडून गेलेल्या गोष्टींविषयी नसतात, तर घडायच्या गोष्टींविषयी असतात. वृत्तपत्र काल काय झाले ते सांगते. गावची शाळा मात्र येत्या शनिवारी पालकसभा आहे, सोमवारी आरोग्य पथक येणार आहे, पुढच्या आठवड्यात केंद्राच्या क्रीडा स्पर्धा आहेत, स्नेहसंमेलनासाठी मांडवाची वर्गणी अजून बाकी आहे, असे सांगत असते. अशी बातमी खरी ठरणे हे ती सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर अवलंबून असते, कारण पालक आलेच नाहीत तर सभेची बातमी खोटी ठरत नसली तरी तिच्यातील जीव जातो आणि मागे उरते ती इतिवृत्ताच्या वहीतील सह्यांची एक रांग. म्हणूनच या बातम्यांचा विचार करताना त्या किती जणांपर्यंत पोचल्या एवढेच मोजून भागत नाही. त्यातील तारीख कोणी ठरवली आणि ती ठरवताना कोणाची सोय पाहिली, हा प्रश्न अधिक मुळाशी जाणारा आहे, आणि गाव व शाळा यांचे नाते किती जिवंत आहे हे त्याच्या उत्तरावरून कळते.

हा प्रश्न पाहण्यासाठी नाशिकच्या इंदिरानगरसारखी सोयीची जागा क्वचित सापडेल. वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी वाढलेले आणि मुंबई-आग्रा महामार्गाला लागून असलेले हे उपनगर शहराचे आहे, पण शहराच्या काठावरचे आहे. १९८२ साली नाशिक महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा आसपासची अनेक खेडी तिच्या हद्दीत आली आणि वडाळा, पाथर्डी यांसारखी गावठाणे कागदोपत्री शहर झाली. महामार्गाने पाथर्डी फाटा ओलांडून मुंबईच्या दिशेने थोडे पुढे गेले की विल्होळी लागते, आणि तेथे महानगरपालिकेची सत्ता संपून ग्रामपंचायतीची व जिल्हा परिषदेची सुरू होते. रस्ता तोच राहतो, पाऊस तोच राहतो, परंतु शाळेचा मालक बदलतो आणि त्याबरोबर शाळेची बातमी कोठून निघते व कोठे जाते याची वाटही बदलते. रोज सकाळी या उपनगरांतून इगतपुरी व त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील शाळांकडे दुचाकीने वा एस.टी.ने निघणारे शिक्षक ही सीमा दिवसातून दोनदा ओलांडतात. ‘अप-डाउन’ हा त्यांच्या बोलण्यातला रुळलेला शब्द आहे, आणि शिक्षकाने मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहावे की नाही हा ग्रामसभांमधला तितकाच रुळलेला वाद आहे.

ही वाट समजून घ्यायची तर रचना थोडी उलगडून पाहावी लागते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कामाला लागल्या; ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा चालवणे हे तेव्हापासून त्यांचे सर्वांत मोठे काम ठरले. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात पंचायत समिती असते, तिच्यात गटशिक्षणाधिकारी असतो, त्याच्या हाताखाली विस्तार अधिकारी असतात आणि त्यांच्या देखरेखीखालील शाळांच्या क्षेत्राला बीट म्हणतात. बीटाची विभागणी केंद्रांत होते. केंद्र म्हणजे जवळपासच्या गावा-वाड्यांतील शाळांचा गट, ज्याची जबाबदारी केंद्रप्रमुखाकडे असते आणि ज्याची दर महिन्याला शिक्षण परिषद, म्हणजे शिक्षकांनी एकत्र बसून अध्यापनाची चर्चा करण्याची बैठक, भरते. या उतरंडीच्या शेवटच्या पायरीवर शाळा असते, आणि अनेक वाड्यांवर ती दोन खोल्यांची व दोन शिक्षकांची असते. पुण्याहून वा मुंबईहून निघालेली सूचना या सगळ्या पायऱ्या उतरत त्या दोन खोल्यांपर्यंत येते. पूर्वी तिला टपालाने काही दिवस लागत, आता केंद्राच्या व्हॉट्सअॅप गटामुळे काही मिनिटे लागतात. मात्र वेग वाढला म्हणून दिशा बदललेली नाही.

या सूचनेला परिपत्रक म्हणतात, आणि वर्षभराच्या शालेय कार्यक्रमांचा मोठा हिस्सा परिपत्रकांनीच आखलेला असतो. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती बालिका दिन म्हणून, १५ ऑक्टोबर हा डॉ. कलाम यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून, २६ नोव्हेंबर संविधान दिन म्हणून आणि २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. ज्या नाशिकमध्ये कुसुमाग्रजांचे आयुष्य गेले त्या जिल्ह्यातील मुलांना या शेवटच्या दिवसाचे अगत्य वाटावे यात नवल नाही. यांपैकी कोणत्याही दिवसाचे औचित्य नाकारता येणार नाही. अडचण उपक्रमांची संख्या वाढल्यावर येते, कारण मग कार्यक्रमाचा शेवट छायाचित्र काढून ते वर पाठवण्यात होतो आणि फलकावर सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या दिनविशेषाचा वाचक गावात नसून तालुक्याच्या कचेरीत असतो. घोषवाक्यांचे कागद धरून रांगेत उभी असलेली मुले त्या छायाचित्रात दिसतात, शिक्षकही दिसतात. गाव मात्र त्यात बहुधा नसते, कारण त्या दिवशी, त्या वेळी गाव शेतात असते.

गाव शेतात असते ही तक्रार शिक्षण खात्याइतकीच जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारी शिक्षणाचा ओघ वरच्या वर्गांकडे वाहत असल्याचे दाखवून शेतकरी-कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्या मागणीला राज्याच्या पातळीवर पहिले मोठे उत्तर दिले ते नाशिक जिल्ह्याच्याच एका पुत्राने: मालेगाव तालुक्यातील कवळाणे येथे १८६३ साली जन्मलेले आणि दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसलेले सयाजीराव गायकवाड यांनी आधी अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले; पुढे १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात तेच पाऊल उचलले. सक्तीचा अर्थ वरकरणी साधा होता: मूल शाळेत आलेच पाहिजे. परंतु ‘आलेच पाहिजे’ म्हणताना ‘केव्हा’ हेही ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचा अधिकार सक्ती करणाऱ्याकडे आपोआप गेला. शाळेचे वर्ष, शाळेची घंटा आणि शाळेची सुटी ही तेव्हापासून राज्यसत्तेची वेळ झाली, आणि पेरणी, कापणी व जत्रा ही गावाची वेळ राहिली.

नाशिक जिल्ह्यात ही गावाची वेळ एकसारखी नाही, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची ठरते. घाटमाथ्याला भिडलेल्या इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांत जूनच्या मध्यावर शाळा उघडते आणि मुलांची घडी बसते न बसते तोच जुलैत आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची चिखलात लावणी, सुरू होते. त्या दिवसांत घरातील प्रत्येक हाताला काम असते आणि तान्ह्या भावंडाला सांभाळणे हेही कामच असते. निफाड व दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात पावसाळ्याच्या अखेरीस गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठी केलेली छाटणी, होते आणि जानेवारीपासून माल निघू लागतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून वेलीची पुढच्या वर्षाची तयारी होते. या कामांसाठी पेठ, सुरगाणा आणि हरसूलच्या बाजूने मजुरांच्या टोळ्या उतरतात, आणि त्यांच्याबरोबर मुलेही येतात. पूर्वेकडच्या तालुक्यांत उन्हाळ कांद्याची लागवड थंडीत आणि काढणी उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. याचा अर्थ असा, की एकाच जिल्ह्यात एका शाळेचा पट, म्हणजे हजेरीपत्रकावरील मुलांची संख्या, जुलैत गळतो, दुसरीचा दिवाळीनंतर गळतो, आणि तिसरीत त्याच काळात कोठून तरी आलेली मुले वाढतात. शासनाने स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढली, जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड देऊन ते जाईल तेथील शाळेत त्याला बसवून घेण्याची सोय केली. या योजना चांगल्या आहेत. पण त्या मुलाला शाळेच्या वेळेशी जोडतात, शाळेला मुलाच्या वेळेशी जोडत नाहीत.

शेतीच्या वेळेशेजारी देवाधर्माची वेळही असते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि तिच्या आधीचे काही दिवस दिंड्या ठिकठिकाणच्या गावांतून मुक्काम करीत जातात. चैत्रात सप्तशृंग गडावर यात्रा असते आणि खानदेशातून पायी येणाऱ्यांची रीघ कळवण-देवळ्याच्या रस्त्यांवर लागते. आदिवासी पाड्यांवर मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो आणि उन्हाळ्यात बोहाडा, म्हणजे लाकडी मुखवटे घालून रात्रभर नाचण्याचा सोहळा, रंगतो. ज्या मुलाचा बाप किंवा आजा बोहाड्यात सोंग घेतो ते मूल दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत पहिल्या बाकावर बसेल अशी अपेक्षा कोणी जाणता शिक्षक करीत नाही. अशा दिवसांसाठी मुख्याध्यापकाच्या अधिकारातील सुटी ही तरतूद असते. सुट्यांच्या लांबलचक यादीत अशा सुट्या मोजक्याच असतात, तरी स्थानिक वेळेसाठी उघडी असलेली ती एक खिडकी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवले आहेत. दिवस किती हे कायद्याने सांगितले, ते नेमके कोणते हे मात्र त्याने सांगितलेले नाही. या दोन गोष्टींमधील अंतर हेच खरे तर गावाच्या निर्णयाचे क्षेत्र व्हायला हवे होते. व्यवहारात ते अंतर दरवर्षी आक्रसत गेलेले दिसते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांचे राज्यभर एकच वेळापत्रक लागू झाले आणि परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या, तेव्हा उन्हाचा आणि १ मे रोजी निकाल लावण्याच्या जुन्या रिवाजाचा प्रश्न शिक्षकांनी व पालकांनी उपस्थित केला होता. त्या नाराजीच्या मुळाशी परीक्षा नको हा सूर नव्हता, आपल्या गावचे ऊन आपल्याला ठाऊक आहे हा होता.

गावाला या बाबतीत काहीच अधिकार नाही असे मात्र म्हणता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती अनिवार्य केली. तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे बंधन घातले, आणि शाळेच्या विकासाचा आराखडा तयार करण्याचे काम तिच्याकडे सोपवले. त्याआधी ७३ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषय पंचायतींकडे देण्याजोग्या विषयांच्या यादीत घातलेला होताच. अधिकार कागदावर भक्कम आहेत. तरीही समितीच्या बैठकीला कोण येते हे पाहिले की तारखेचा आणि वेळेचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली, तर रोजंदारीवर जाणाऱ्या आईला तिच्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते. संध्याकाळी सातला ठेवली तर तिची चूल आडवी येते आणि शहरात परतणाऱ्या शिक्षकाची शेवटची गाडी चुकते. कायद्याने ठरवलेल्या निम्म्या जागा भरल्या आहेत की नाही हे यादीत दिसते. त्या जागांवरील स्त्रिया बोलतात की नुसत्या सही करतात हे मात्र बैठकीची वेळ कोणाला विचारून ठरली यावर बरेच अवलंबून असते.

बातमी गावात फिरते कशी, हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. एके काळी कोतवाल दवंडी पिटत असे. चावडीपासून निघून तो प्रत्येक आळीच्या तोंडाशी थांबे, डफ वाजवून लोकांचे लक्ष वेधी आणि ठरीव वाक्यात हुकूम सांगून पुढे जाई. दवंडी सर्वांना ऐकू येई, पण तिला उलट प्रश्न विचारता येत नसे. शाळेने आणलेला फळा हे त्यामानाने मवाळ साधन होते. ओसरीच्या भिंतीवरच्या या फळ्याच्या एका कोपऱ्यात तारीख, वार आणि सुविचार असतो, दुसऱ्या कोपऱ्यात इयत्तावार पट व हजेरीचा तक्ता असतो, ज्यात मुलगे, मुली आणि एकूण असे रकाने पाडलेले असतात, आणि मधल्या जागेत येत्या कार्यक्रमाची सूचना असते. ती सूचना सहावी-सातवीतल्या ज्या मुलीचे अक्षर चांगले असते तिने रंगीत खडूने लिहिलेली असते. तो फळा वाचायला पालक येत नाहीत. तो वाचून मुले घरी जातात आणि आपल्या भाषेत, आपल्या सोयीने, काही गाळून तर काही पदरचे घालून ती बातमी सांगतात. ‘बाईंनी सांगितलं, उद्या आईला घेऊन ये’ एवढे त्यातले सार असते. मंदिरावरचा ध्वनिक्षेपक आणि पालकांचा व्हॉट्सअॅप गट ही पुढची साधने झाली. ज्या घरात एकच भ्रमणध्वनी आहे आणि तो दिवसभर बापाच्या खिशात असतो तेथे मात्र आजही मुलाच्या तोंडचा निरोपच वेळेवर पोचतो. अशा निरोपाला घरातून उत्तर मिळते, आणि ते दुसऱ्या दिवशी तेच मूल शाळेत आणते. शाळेच्या सगळ्या संदेशव्यवस्थेत दुतर्फा चालणारी वाट बहुधा एवढीच असते.

ठरवून दिलेल्या कार्यक्रमातही गावाने आपला हात घातला की त्याचे रूप कसे पालटते याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले उदाहरण शाळापूर्व तयारी मेळाव्याचे आहे. २०२२ पासून राज्यभर एप्रिल व जून असा दोनदा भरणारा हा मेळावा पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी असतो आणि त्यात सात ठिकाणी सात टेबले मांडलेली असतात. पहिल्यावर नाव नोंदवले जाते आणि उंची-वजन होते. पुढे मूल आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळत चालते, चेंडू फेकते, वस्तूंचे गट लावते, चित्र पाहून गोष्ट सांगते, खडे मोजते. शेवटच्या टेबलावर आईला घरी मुलाकडून काय करून घ्यायचे ते समजावून विकासपत्र हाती दिले जाते. हा आराखडा वरून आलेला आहे, यात शंका नाही. तरीही मेळाव्याच्या सकाळी गावात ढोल-लेझीम घेऊन प्रभातफेरी निघते, अंगणवाडीच्या ताई घरोघर जाऊन मुलांना गोळा करतात, कोणी तरी आपली बैलजोडी सजवून आणतो, आणि ज्या आजीने आयुष्यात शाळेची पायरी चढलेली नसते ती नातवाचे बोट धरून सातही टेबलांपाशी थांबते. आपले मूल खडे किती मोजते हे तिने स्वतः पाहिलेले असते, म्हणून पुढे वर्षभर त्याविषयी बोलण्याचा हक्क तिला वाटतो.

दुसरे उदाहरण स्नेहसंमेलनाचे आहे. वार्षिक स्नेहसंमेलन बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात होते, आणि त्याची तारीख ठरवताना शिक्षकांना खरोखरच गावाला विचारावे लागते: जत्रा कधी आहे, कोणाच्या घरी लग्न आहे, गावात नुकती कोणाची मयत झाली आहे का, वीज रात्री असते की दिवसा, मांडववाला त्या दिवशी मोकळा आहे का. संध्याकाळी मुलांची नृत्ये सुरू झाली की समोरून बक्षिसे येऊ लागतात. कोणी अकरा रुपये देतो, कोणी एकशे एक देतो, आणि निवेदक प्रत्येक देणगीदाराचे नाव व रक्कम मध्येच गाणे थांबवून जाहीर करतो. शहरी पाहुण्याला हा व्यत्यय वाटतो. गावाच्या दृष्टीने ती जाहीर नोंद असते, कारण त्याच पैशातून पुढे पंखा, दूरचित्रवाणी संच किंवा पाण्याची टाकी येते आणि त्यावर ‘सप्रेम भेट’ लिहून दात्याचे नाव रंगवले जाते. ज्या कार्यक्रमाची तारीख गावाने ठरवली त्याचा खर्च गाव आनंदाने उचलते, असा हा साधा व्यवहार आहे.

तारखेचा हा अधिकार किती गंभीर असू शकतो हे गेल्या काही वर्षांनी स्पष्ट दाखवले आहे. करोनाच्या काळात बंद पडलेल्या शाळांपैकी करोनामुक्त गावांतील आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलै २०२१ पासून उघडण्यास शासनाने मुभा दिली, आणि त्यासाठी सरपंचांच्या अध्यक्षतेखालील गावसमितीचा निर्णय व पालकांची संमती आवश्यक ठरवली. शाळा केव्हा उघडायची हे निदान एकदा तरी गावाने ठरवावे असे राज्यानेच म्हटले. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळी येथील जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरणारी शाळा म्हणून वृत्तपत्रांतून गाजली, आणि दोन्ही हातांनी लिहिणाऱ्या तिच्या मुलांना पाहायला दूरदूरहून लोक जाऊ लागले. सुटीच नको हा निर्णय सर्वांनी उचलावा असा नाही. परंतु शिक्षक आणि पाडा यांनी मिळून तो घेतला होता आणि म्हणून तो टिकला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. याउलट ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी येथील मुले शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली. भाम धरणाच्या विस्थापितांची ही वस्ती, आणि तिथली शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे जायला सांगितले गेले होते. तेव्हा दप्तरे परत घ्या आणि राखायला शेळ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. इगतपुरीला नाशिकशी जोडणारा महामार्ग इंदिरानगरच्या कडेने जातो, आणि त्या महामार्गाच्या एका टोकाच्या शाळेची बातमी दुसऱ्या टोकाच्या शहराला कळण्यासाठी शेळ्यांची गरज पडली. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या राज्यात २०२३ साली सुमारे १५ हजार होती आणि त्याच वर्षी त्यांचे समूह शाळांत, म्हणजे एका मोठ्या मध्यवर्ती शाळेत, एकत्रीकरण करण्याचा विचार शासनाने पुढे आणला. त्या प्रत्येक ठिकाणी शेवटची घंटा कधी वाजणार हीदेखील एक आगामी कार्यक्रमाचीच बातमी असते, आणि ती कोण ठरवतो हा प्रश्न तेथे सर्वांत टोकदार होतो.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावा लागतो. तारीख गावाकडे सोपवली म्हणजे ती सर्व गावाकडे जाते असे नाही. पुष्कळदा ती गावातील ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे जाते. द्राक्षबागायतदाराची सोय आणि त्याच्या बागेत राबणाऱ्या टोळीतील मुलाची सोय या एक नसतात. जत्रेसाठी शाळा बंद ठेवणे सर्वांना मान्य असते, पण आवणीसाठी बंद ठेवली तर ज्या मुलीला त्यानिमित्ताने घरी राहावे लागते तिचे मत कोणी विचारत नाही. फुले आणि सयाजीराव यांनी सक्तीचा आग्रह धरला तो याच कारणासाठी: मुलाचा हक्क हा गावाच्या मर्जीवर, वा बापाच्या गरजेवरही, टांगलेला नसावा. म्हणून राज्याने आखलेली रेषा अनावश्यक नाही. किती दिवस शाळा भरली पाहिजे, किती तास शिकवले पाहिजे, शिक्षकाला कोणत्या बिगरशैक्षणिक कामाला जुंपता येणार नाही, या गोष्टी वरूनच ठरायला हव्यात. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांखेरीज अन्य कामांना शिक्षक नेमण्यास मनाई केली ती अशीच एक आवश्यक रेषा आहे. पण रेषा आखणे आणि तिच्या आतील प्रत्येक चौकट भरून देणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी पहिलीची सबब पुढे करता येत नाही. दोनशे दिवसांची हमी राज्याने द्यावी. ते दोनशे दिवस आवणी, छाटणी आणि यात्रा यांच्या मधून कसे बसवायचे याचा हिशेब केंद्रातील शाळा आणि त्यांच्या समित्या एकत्र बसून जूनच्या आरंभीच मांडू शकतात. स्थलांतरित टोळीतील पालकालाही त्या बैठकीत जागा मिळेल हे पाहणे तेवढे प्रशासनाचे काम राहते.

या विचारात शहरालाही एक धडा आहे. इंदिरानगरमधील विनाअनुदानित शाळेत मूल पाठवणाऱ्या पालकाला स्नेहसंमेलनाची, सहलीची आणि परीक्षेची सूचना वेळेवर, नीटनेटकी, भ्रमणध्वनीवर मिळते. तथापि कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीतून विनाअनुदानित शाळा वगळल्या असल्यामुळे त्या तारखा ठरवण्याच्या बैठकीत त्याला जागा नसते, आणि पालक-शिक्षक संघात त्याचा आवाज मुख्यतः शुल्काच्या प्रश्नावर उठतो. महामार्गाच्या पलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल असलेल्या मजूर आईला ती जागा कायद्याने दिलेली आहे. माहितीच्या बाबतीत शहरातील पालक पुढे आहे आणि अधिकाराच्या बाबतीत खेड्यातील पालक पुढे आहे, हे चित्र सर्वसाधारण समजुतीच्या उलटे आहे. ते उलटे चित्र खरे ठरायचे असेल, तर समितीच्या पुढच्या बैठकीची सूचना काढण्यापूर्वी मुख्याध्यापकाने त्या आईला एवढेच विचारायला हवे की तिला कोणता वार आणि कोणती वेळ जमते. आणि तिने सांगितलेली वेळ फळ्यावर लिहिली गेली, की इतिवृत्तातील तिच्या सहीला पहिल्यांदा काही अर्थ येईल.